रसपरित्याग : श्रावकाचे ताट आणि पृथ्वीचा ताप

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी शाकाहाराचा गौरव होणे स्वाभाविक आहे. जैन समाजाच्या कोणत्याही मेळाव्यात हा विषय निघाला की सभागृहात समाधानाची एक लहर उमटते. २०११ च्या जनगणनेनुसार १२१ कोटींच्या या देशात जैनांची संख्या अवघी ४४ लाख ५१ हजार. त्यांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात. एवढ्या अल्पसंख्य समाजाने पिढ्यानपिढ्या मांसाहारापासून अलिप्त राहून आपले व्रत सांभाळले, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु जे सर्वांना पाठ आहे त्यावर भाषण करण्याचे प्रयोजन नाही. आजचा विषय त्याच्या अंमळ पुढचा आहे. मांसाचा स्पर्शही नसलेल्या घरात प्राण्यांपासून येणारे पदार्थ रोज ताटात असतात. दूध, दही, तूप, लोणी, खवा, पनीर, चीज, आईस्क्रीम ही ती यादी. हे पदार्थ ताटात किती असावेत, हा प्रश्न जैन घरांत सहसा विचारला जात नाही. शरीराच्या प्रकृतीसाठी आणि हवामानाच्या प्रकृतीसाठी तो विचारण्याची वेळ आली आहे.

मांसाहाराविषयी विज्ञान काय म्हणते, ते थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये सॉसेज, हॅम, बेकन अशा प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. तांबड्या मांसाला तिने 'बहुधा कर्करोगकारक' ठरविले. अमेरिकेत सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्यातील अनेक कुटुंबे धर्मश्रद्धेने शाकाहारी आहेत. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठाने या पंथाच्या ७३ हजारांहून अधिक अनुयायांच्या आहाराची पाहणी करून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाकाहारी गटातील मृत्यूचे प्रमाण मांसाहारी गटापेक्षा १२ टक्क्यांनी कमी आढळले.

येथपर्यंत ऐकून जैन श्रोत्याला आनंद होतो. मात्र त्या ॲडव्हेंटिस्ट शाकाहाऱ्याचे ताट कसे असते, तेही पाहावे. त्यात कडधान्ये, फळे, भाज्या आणि सुकामेवा भरपूर असतो. त्याचे वजन आटोक्यात असते आणि तो व्यायाम करतो. 'शाकाहारी' हा शब्द एकच असला, तरी शेव-गाठिया, मावा-मिठाई आणि पनीर यांचे ताटही शाकाहारीच म्हणवते. त्या ताटाला वरच्या १२ टक्क्यांचे प्रमाणपत्र कोणी दिलेले नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासात ४८ हजार लोकांची अठरा वर्षे नोंद ठेवली गेली आणि २०१९ मध्ये तिचे फलित प्रसिद्ध झाले. शाकाहाऱ्यांत हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी होता; परंतु पक्षाघात २० टक्क्यांनी अधिक होता. ही दुसरी ओळ शाकाहाराच्या प्रचारपत्रकांतून वगळली जाते. ज्या समाजात अर्धसत्यही असत्याच्या दोषात मोजले जाते, त्याने ती वगळू नये. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता हे पक्षाघाताचे एक संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी सांगितले आहे. त्याचा विचार पुढे येईल.

भारतातील चित्र काय आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार दहा कोटींहून अधिक भारतीय मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पोटाचा घेर वाढलेल्या लोकांचे प्रमाण ३९.५ टक्के, उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के. या आकड्यांतून जैन घरांना सूट मिळालेली दिसत नाही. पेढीवर, दुकानात, गादीवर बसून दिवस काढणाऱ्या वर्गाला ती मिळण्याचे कारणही नाही.

आता दुधाकडे वळावे. स्वतंत्र भारतात १९५०-५१ साली दुधाचे वार्षिक उत्पादन १ कोटी ७० लाख टन होते. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले, गावोगावी सहकारी दूध संस्था उभ्या राहिल्या, आणि १९९८ पासून भारत दूध उत्पादनात जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये हे उत्पादन २३ कोटी ९३ लाख टनांवर पोहोचले. लोकसंख्या या काळात चौपट झाली, दूध चौदापट. दरडोई उपलब्धता रोजच्या १३० ग्रॅमवरून ४७१ ग्रॅमवर आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ताटात दूध-दही मिळून ३०० मिलिलिटर धरलेले आहे. २०१९ च्या ईट-लॅन्सेट आयोगाने जगासाठी जो नमुना आहार सुचविला, त्यात ते २५० मिलिलिटर आहे. उपलब्धता आणि प्रत्यक्ष सेवन यांत फरक असतो, हे खरे. गरिबाच्या घरी चहापुरतेही दूध नसते आणि सधन घरात दोन-दोन लिटरच्या पिशव्या येतात. सरासरीच्या पोटात दोन्ही सामावतात. जैन समाज बहुतांशी यांतील कोणत्या बाजूला बसतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

जैन स्वयंपाकघराचे आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते आतल्या माणसालाच जाणवते. कांदा-लसूण नाही, बटाटा-गाजर-मुळा नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. हे सारे संयमाचे नियम. पण या नियमांनी ताटात जी जागा मोकळी होते, ती कशाने भरली जाते? पूर्वी ती मूग, वाल, तूर, पापड, सांडगे, सुकवलेली गवार यांनी भरली जाई. आता ती पनीर आणि चीज यांनी भरली जाते. विवाहसमारंभात आचाऱ्याला 'जैन जेवण' सांगितले की तो चार भाज्यांपैकी तीन पनीरच्या करतो, पावभाजीवर लोण्याचा गोळा ठेवतो आणि शेवटी रबडी-जिलेबी वाढतो. जिभेचा जो रस एका दाराने बाहेर काढला, तोच दुसऱ्या दाराने आत आला, असा हा प्रकार आहे. एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध लागते. एक किलो तुपाला म्हशीचे चौदा-पंधरा लिटर, गायीचे पंचवीस लिटरच्या आसपास. ताक आणि साय काढलेले दूध मागे उरते हे मान्य; तरीही वाटीत दिसणारा पदार्थ छोटा आणि त्यामागचा दुधाचा हंडा मोठा, हे लक्षात ठेवावे.

आरोग्याचा हिशेब वहीत मांडण्याइतका सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संपृक्त स्निग्धांशातून येणारे उष्मांक दहा टक्क्यांहून अधिक नसावेत. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. म्हशीच्या साय न काढलेल्या दुधाचा एक पेला म्हणजे आठ ग्रॅम. वरण-भातावर आणि पोळीवर मिळून तीन चहाचे चमचे तूप म्हणजे नऊ ग्रॅम. भाजीतले पन्नास ग्रॅम पनीर म्हणजे सहा-सात ग्रॅम. मर्यादा येथेच गाठली गेली. अजून चहा, फोडणीचे तेल, फरसाण आणि मिठाई मोजलेली नाही. हे सर्व जिरविण्यासाठी नांगर धरणारे आजोबा वेगळे होते. त्यांच्या नातवाला तेच तूप वारसाहक्काने मिळते, कष्ट मात्र मिळत नाहीत.

दुग्धजन्य पदार्थ सगळे सारखे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दही आणि ताक यांचे वर्तन शरीरात लोण्या-तुपासारखे नसते, असे बहुतेक अभ्यास दाखवतात. कपात करायची तर ती खवा, चीज, पनीर, लोणी आणि तूप या बाजूने सुरू करावी. ताकाच्या पेल्यावर प्रथम घाव घालू नये. तूप सोडून वनस्पती तुपाकडे किंवा पामतेलात तळलेल्या फरसाणाकडे वळणे हा नफ्याचा व्यवहार नव्हे. कृत्रिम ट्रान्स-फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ही चांगली गोष्ट. पण पामतेलातही संपृक्त स्निग्धांश भरपूर असतो.

आता हवामान. या भागातील कुटुंबांना त्यासाठी ध्रुवप्रदेशातील हिमनग दाखविण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. सांगली-कोल्हापुरातील लाखो माणसांना घर सोडावे लागले, गोठ्यांत बांधलेली जनावरे दावणीलाच बुडाली, बाजारपेठांत माल चिखल झाला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. या महापुरांना धरणांतील विसर्ग, नदीपात्रातील अतिक्रमणे अशी अनेक कारणे आहेत आणि सगळा दोष एका हवामानबदलावर टाकणे योग्य ठरणार नाही. परंतु हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवते, आणि ते बाष्प कोठेतरी एकदम कोसळते, हे भौतिकशास्त्र आहे. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष म्हणून २०२४ ची नोंद झाली.

त्यात गाई-म्हशींचा संबंध काय, असा प्रश्न येतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव चाऱ्यातील तंतू कुजवतात. म्हणूनच माणसाला न पचणारा कडबा गाईला पचतो. निसर्गाची ही मोठी किमया आहे. या क्रियेत मिथेन वायू तयार होतो आणि जनावर तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर सोडते. भारतातील एक दुभते जनावर वर्षाला साधारण चाळीस ते साठ किलो मिथेन सोडते. शंभर वर्षांचा काळ धरला तर मिथेनची उष्णता धरण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आहे. वीस वर्षांचा काळ धरला तर ८० पट. पहिला, सौम्य आकडा घेतला तरी पन्नास किलो मिथेन म्हणजे साडेतेराशे किलो कार्बन डायऑक्साइड झाले. एक लिटर पेट्रोल जाळले की २.३ किलो निघतो. म्हणजे एका म्हशीचे वर्ष हे सुमारे ५८५ लिटर पेट्रोलच्या बरोबरीचे. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गोवंश आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी होत्या.

जगाचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो आणि त्यावरून वादही होतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ मध्ये मानवनिर्मित हरितगृह वायूंपैकी १८ टक्के पशुपालनातून येतात असे म्हटले; २०१३ मध्ये तिने १४.५ टक्के सांगितले आणि २०२३ मध्ये १२ टक्के. मोजण्याची रीत आणि मोजणीचे वर्ष बदलले की आकडा बदलतो. व्यापाऱ्याच्या सावधपणाने सर्वांत लहान आकडा धरला, तरी तो आठवा हिस्सा आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतील ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जो लेख प्रसिद्ध केला, त्यानुसार जगातील शेतीच्या जमिनीपैकी ८३ टक्के जमीन मांस, दूध, अंडी आणि मत्स्यपालन यांसाठी वापरली जाते; तिच्यातून मानवाला उष्मांक मिळतात १८ टक्के आणि प्रथिने ३७ टक्के. एक लिटर गाईच्या दुधामागे जागतिक सरासरीने ३.२ किलो कार्बन डायऑक्साइडएवढे वायू निघतात, सोयाबीनच्या दुधामागे सुमारे एक किलो.

मिथेनची एक गोष्ट मात्र आशादायक आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात राहतो. मिथेन साधारण बारा वर्षांत विरून जातो. आज जो मिथेन टळला त्याचा गारवा आज कमावत्या वयात असलेल्या पिढीलाच अनुभवता येईल. २०२१ च्या ग्लासगो परिषदेत शंभरहून अधिक देशांनी मिथेन घटविण्याचा संकल्प केला. भारताने त्यावर सही केली नाही. भारताचा मिथेन मुख्यतः लहान शेतकऱ्याच्या गोठ्यातून आणि भातखाचरातून येतो, श्रीमंत देशांच्या वायूनळ्यांतून नव्हे, ही सरकारची भूमिका समजण्यासारखी आहे. त्या शेतकऱ्यावर कायद्याने बोजा टाकणे अन्यायाचेच होईल. पण श्रावकाला आपल्या ताटातील एक वाटी कमी करण्यासाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक अडचणीचा मुद्दा टाळून चालणार नाही. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज हा केवळ पेढीवाल्यांचा समाज नाही. शिरोळ, हातकणंगले, मिरज, वाळवा या पट्ट्यात पिढीजात शेती करणारी हजारो जैन कुटुंबे आहेत. त्यांच्या गोठ्यात दोन-चार म्हशी असतात आणि दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या बिलावर घरखर्च, मुलांची फी, औषधपाणी चालते. ऊस अठरा महिन्यांनी पैसे देतो, दूध दहा दिवसांनी. शहरातील वातानुकूलित सभागृहात बसून अशा घराला 'दूध सोडा' म्हणणे हे हिंसेचेच एक सभ्य रूप होईल. त्या म्हशी बव्हंशी उसाचे वाडे आणि कडबा खातात. परदेशातील गाईंसारखी त्यांच्यासाठी जंगले तोडून सोयाबीन पेरलेली नसते. शेणखत जमिनीला मिळते. म्हणून हे आवाहन गोठ्याला नाही, ग्राहकाला आहे. आणि ग्राहकांतही ज्याच्या घरी गरजेपेक्षा जास्त येते त्याला आहे. मागणी हळूहळू उतरली, तर गोठ्यात कमी पण चांगली, निरोगी जनावरे ठेवणे शेतकऱ्यालाही परवडण्याजोगे होईल. आज संख्या वाढविण्याकडे कल आहे, आणि तिचा भार चाऱ्यावर, पाण्यावर आणि घरातल्या बाईच्या कमरेवर पडतो.

त्या संख्येची आणखी एक बाजू जैन अंतःकरणाला टोचणारी आहे. म्हैस दूध देण्यासाठी व्यायलीच पाहिजे आणि निम्मी वासरे नर असतात. पूर्वी बैल शेतात लागत. ट्रॅक्टर आल्यावर त्यांचे काम संपले आणि रेडकाला तर कधीच फारशी किंमत नव्हती. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशी आणि रेडे त्या बंदीत येत नाहीत. भारत म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत जगातील आघाडीच्या देशांपैकी एक आहे. ही म्हैस वेगळ्या गावची नसते. पांजरपोळांना देणग्या देणारा समाज आणि दिवसाला दोन लिटर दूध घेणारा समाज एकच असेल, तर या दोन नोंदी एकाच पानावर लिहून पाहाव्यात.

हा विचार परका आहे, पाश्चात्त्यांच्या 'व्हीगन' चळवळीची नक्कल आहे, अशी शंका काही ज्येष्ठांना येईल. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सांगितलेली सहा बाह्य तपे त्यांनी आठवावीत. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्तशय्यासन आणि कायक्लेश. त्यांतील अनशनाचे, म्हणजे उपवासाचे, समाजात मोठे कौतुक होते. मिरवणुका निघतात, फलक लागतात. अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे आणि रसपरित्याग म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ या रसांपैकी काहींचा त्याग. या दोन तपांची मिरवणूक कधी निघत नाही. श्वेतांबर परंपरेत चैत्र आणि आश्विन महिन्यांत नऊ-नऊ दिवसांची आयंबिलची ओळी करतात. त्यात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांपैकी काहीच नसते. हजारो घरांतील आया-बहिणी ती करतात आणि शरीराला काही अपाय झाला असे सांगत नाहीत. मध तर श्रावकाच्या मूलगुणांतच वर्ज्य आहे. प्राण्याला न मारताही त्याच्यापासून मिळणारी वस्तू सोडावी लागते, हे तत्त्व जैनांनी मधमाशीच्या बाबतीत फार पूर्वी मान्य केले. भगवान ऋषभदेवांचे पहिले पारणे उसाच्या रसाने झाले, आणि वर्षीतपाचे पारणे आजही अक्षय्यतृतीयेला त्याच रसाने होते. पवित्र आहार म्हटला की दूधच हवे, अशी सक्ती परंपरेने केलेली नाही.

दूध कमी केले तर कॅल्शियमचे काय, हा गृहिणींचा हमखास प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. तिळात ते याहूनही पुष्कळ असते. संक्रांतीला तिळगूळ वाटणाऱ्या या मुलखाला ते नव्याने शिकवायला नको. प्रथिनांसाठी मूग, मटकी, हरभरा, तूर, शेंगदाणे आहेत; राष्ट्रीय पोषण संस्थेच्या ताटात डाळी-कडधान्ये रोज ८५ ग्रॅम आहेत आणि सधन घरांतही ती तेवढी शिजत नाहीत. वाटीभर पातळ वरणात वीस-पंचवीस ग्रॅम डाळ असते.

बी-१२ या जीवनसत्त्वाबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. ते वनस्पतिजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. भारतातील शाकाहाऱ्यांत दूध पिऊनही त्याची कमतरता सर्रास आढळते. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा यांना वय कारण समजले जाते आणि रक्त तपासले जात नाही. पन्नाशीनंतर प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असू शकते. औषधविक्रेत्याकडे शाकाहारी आवरणाची किंवा साधी गोळी मागता येते. दूध पूर्णपणे सोडणाऱ्याने तर बी-१२ घेतलेच पाहिजे, आणि हाडांकडेही लक्ष द्यावे. ऑक्सफर्डच्याच अभ्यासात दूधही न घेणाऱ्या गटात खुब्याच्या हाडाचे मोडणे दुपटीहून अधिक आढळले आहे. लहान मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, अशक्त वृद्ध यांच्या पेल्यातील दूध कमी करण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. ज्याच्या पोटाचा घेर वाढला आहे त्याने आपल्या वाटीपासून सुरुवात करावी.

शेवटी एक सूचना विश्वस्तांच्या विचारार्थ. सुवर्णमहोत्सवाच्या सांगतेला साधर्मिक वात्सल्याचे भोजन होईलच. दोन हजार पाने धरली आणि प्रत्येक पानावर बासुंदी, पनीरची भाजी, तूप आणि मठ्ठा वाढला, तर पानामागे पाऊण लिटर दूध सहज जाते. म्हणजे एका जेवणाला दीड हजार लिटर; वरील जागतिक सरासरीने जवळजवळ पाच टन वायू. त्याऐवजी या मातीतलेच जेवण करता येईल. गूळ आणि नारळाचे दूध घालून खपली गव्हाची खीर, म्हणजे येथल्या घरांतली हुग्गी. भिजवलेल्या मुगाची उसळ, शेंगदाण्याची आमटी, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, तिळाची चटणी, ज्वारीची भाकरी आणि झुणका. दही-ताकच नसल्यामुळे द्विदलाचा प्रश्नही त्या पंगतीत उरणार नाही, ही सोय वेगळीच. खर्च कमी येईल. वाचलेल्या रकमेतून ट्रस्टच्या वसतिगृहातील मुलांची आणि सभासदांतील साठीपुढच्या मंडळींची बी-१२ तपासणी करून घेता येईल. आचारी आरंभी नाक मुरडेल, कारण पनीर चिरणे सोपे आणि हुग्गी ढवळणे कष्टाचे. मुलांसाठी दूध आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी तुपाची वाटी बाजूच्या मेजावर ठेवावी. वाढप्याने ती पंगतीत फिरवू नये, मागेल त्याला द्यावी.